मागच्या बाकावरचे गुरुजी

सौदी अरेबियाच्या शिक्षण खात्यानं २०१७ च्या सुमारास एक योजना सुरू केली. ती ऐकली, तर आपल्याकडचा कुठलाही शिक्षणाधिकारी हातातला चहाचा कप खाली ठेवील. सरकारी शाळांत वर्षानुवर्षं शिकवत असलेले शिक्षक, मुख्याध्यापक, समुपदेशक निवडायचे आणि सरकारी खर्चानं त्यांना काही महिने परदेशातल्या शाळांत नेऊन बसवायचं. फिनलंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा. बायकामुलं बरोबर न्यायची मुभा. आधी इंग्रजीची तयारी, मग तिथल्या एखाद्या चालू शाळेत रोज सकाळी हजेरी. तिथला एक मुरलेला शिक्षक नेमून दिलेला. त्याच्या मागे मागे हिंडायचं, त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, जमेल तसं त्याच्याबरोबर शिकवायचं आणि परतल्यावर आपल्या शाळेत नेमकं काय बदलणार याचा एक प्रकल्प तयार करायचा. योजनेचं नाव 'ख़िबरात', म्हणजे अनुभव.

कासिम प्रांतातला गणिताचा शिक्षक जानेवारीच्या काळोखात, बर्फ तुडवत, फिनलंडमधल्या एखाद्या गावच्या शाळेत शिरतो आहे, हे चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. त्याच्या स्वतःच्या शाळेत सगळे मुलगेच आणि शिकवणारेही सगळे पुरुष. इथे मुलं-मुली एकत्र, पायातले बूट बाहेर काढून ठेवलेले, शिकवायला बाई, आणि बाई तासाचा निम्मा वेळ काही बोलतच नाहीत. नुसत्या फिरतात, एखाद्या पोराच्या वहीवर वाकतात, पुढे जातात. पहिल्या दिवशी हा गृहस्थ आपल्या वहीत काय टिपून घेत असेल?

तेलाचा पैसा आणि हौसेला मोल नाही, असं म्हणून या योजनेचं पान उलटता येईल. मला तसं करवत नाही. शिक्षकाला घडवायचं तर त्याला चांगल्या शिक्षकाच्या वर्गात बसू द्यावं, हे एका सरकारनं मान्य केलं आणि त्यासाठी खिशात हात घातला, हे मोठंच आहे. सभागृह, माइक, जेवणाची कुपनं आणि हजेरीच्या दोन सह्या या चौकटीबाहेर प्रशिक्षण असू शकतं, यावर आपल्या खात्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. तरी एक गोष्ट खटकतेच. कासिममधल्या बुरैदा शहराच्या शिक्षकाला फिनलंडचा वर्ग बघायला मिळाला. पण बुरैदातच, पलीकडच्या मोहल्ल्यात, त्याच पुस्तकातला तोच धडा त्याच्याहून चांगला शिकवणारा कुणी असेल, तर त्याच्या वर्गात जाऊन बसणं त्याला फिनलंडहून अवघड. असं का, हे कळायला सौदी शाळांचा इतिहास थोडा चाळावा लागतो. आणि तो चाळताना आपण थेट मुंबईच्या बंदरावर येऊन पोचतो.

*

मक्केतला सौलतिया मदरसा १८७० च्या दशकात उभा राहिला, तो हिंदुस्थानी माणसांच्या हातून. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांच्या तावडीतून निसटून मक्केला पोचलेले मौलाना रहमतुल्ला कैरानवी हे त्याचे संस्थापक. पैसा दिला तो कलकत्त्याच्या सौलतुन्निसा नावाच्या एका बाईनं, म्हणून मदरशाला नावही तिचंच. पुढे जेद्दाचे मोत्यांचे व्यापारी मुहम्मद अली झैनल यांनी १९०५ मध्ये जेद्दात 'फलाह' शाळा काढली, नंतर मक्केतही काढली. झैनल यांचा मोत्यांचा व्यापार मुंबईशी बांधलेला होता आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी मुंबईतच काढला. इथेही त्यांनी फलाहची शाळा सुरू केली आणि हिजाझमधल्या, म्हणजे मक्का-जेद्दाच्या मुलखातल्या, आपल्या शाळांतली हुशार मुलं पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला आणली. त्यातली बरीचशी परत जाऊन शिकवूही लागली. ख़िबरातचे शिक्षक हेलसिंकीला उतरण्याच्या कितीतरी आधी मक्केचे भावी शिक्षक मुंबईत उतरत होते. आज मुंबईत हे कुणाच्या गावीही नाही.

सौदी राज्य आलं तेव्हा शिक्षकांची चणचण होतीच. १९२६ मध्ये मक्केत शिक्षक तयार करण्यासाठी एक संस्था निघाली. १९५३ मध्ये शिक्षण मंत्रालय झालं आणि पहिले मंत्री झाले राजपुत्र फहद, जे पुढे राजे झाले. शाळा भराभर निघाल्या, पण शिकवायला माणसं नव्हती. मग इजिप्त, सिरिया, जॉर्डन, पॅलेस्टाइन, सुदान इथून शिक्षक आले. एका आख्ख्या पिढीला वाचायला शिकवलं ते या परक्या मास्तरांनी. आता विचार करा, करारावर आलेला, मुलखाला परका, खात्याच्या मर्जीवर राहिलेला माणूस आपल्या वर्गाचं दार आपणहून कशाला उघडेल? कुणी बघायला आलं, तर ते नोकरीवर गदा आणायलाच आलं, असं त्याला वाटलं तर त्यात नवल ते काय. आणि खात्यालाही भरवसा नव्हता. दूरच्या वाळवंटातल्या गावात परका मास्तर पोरांना काय शिकवतो, हे कुणीतरी जाऊन पाहायला हवंच होतं.

तो पाहणारा अधिकारी १९५७ मध्ये आला. तेव्हा तो 'मुफत्तिश', म्हणजे तपासनीस होता. दहा वर्षांनी त्याला मार्गदर्शक म्हणू लागले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तो पर्यवेक्षक झाला, 'मुश्रिफ'. पाटी तीनदा रंगवली, पण कामाचा गाभा बराच काळ तोच राहिला. विषयवार नेमलेला हा माणूस शाळेत यायचा, शिक्षकाची पाठाच्या तयारीची वही मागायचा, मागे बसून एक तास बघायचा, दोन-चार पोरांच्या वह्या चाळायचा, मग शिक्षकाला बाजूला घेऊन बोलायचा आणि शेवटी अहवाल लिहायचा. शिक्षकाच्या वार्षिक मूल्यमापनात त्या अहवालाला वजन असायचं.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे सांगायची गरज नाही. 'डेप्युटी', म्हणजे शाळा तपासनीस, येणार म्हटलं की आदल्या दिवशी वर्ग सारवून व्हायचे, ठेवणीतले तक्ते भिंतीवर चढायचे, हुशार पोरं पुढच्या रांगेत यायची आणि ज्यांचं नाक कायम वाहतं ती मागे जायची. गुरुजींचं टाचण रात्रीतून पूर्ण व्हायचं. डेप्युटी बघायचे तो पाठ पोरांना पाठ असायचा. शेरेबुकात 'काम समाधानकारक' एवढं उमटलं की सगळे मोकळे. यातून कुठल्याही गुरुजींना एक अक्षर नवं शिकवायला आलं असेल, असं मानायला माझं मन तयार नाही. डेप्युटी वाईट होते असं नव्हे. कित्येक जण स्वतः नाणावलेले शिक्षक होते, काही तर फार मोठ्या मनाची माणसं होती. पण मदत करायला आलेल्याच्या काखेत गुण देण्याची वही असली की समोरचा आपलं दुखणं दाखवत नाही. तो जे झाकायचं तेच नीट झाकतो.

*

हे कुणीतरी मोजूनही पाहिलं आहे. अमेरिकेतल्या ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी १९८० च्या आसपास एका साध्या कोड्याचा पाठपुरावा केला: शिक्षक प्रशिक्षणाला जातात, मान डोलावतात, उत्साहानं परततात आणि सोमवारी वर्गात पूर्वीसारखंच शिकवतात. हे होतं कसं? त्यांचं उत्तर असं, की नुसतं ऐकून, किंवा एकदा पाहूनसुद्धा, वर्गातली सवय मोडत नाही. प्रशिक्षणानंतर वर्गात कुणीतरी सोबतीला हवं आणि ते बरोबरीचंच, म्हणजे शिक्षकच हवं. त्यातून शिक्षकांच्या जोड्या लावायची पद्धत निघाली. एकानं शिकवायचं, दुसऱ्यानं बघायचं, मग बघणाऱ्यानं सांगायचं की काय जमलं आणि काय नाही.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. पंधरा-सोळा वर्षं हे काम केल्यावर, १९९६ मध्ये, दोघांनी लिहिलं की बघणाऱ्यानं शेरे मारायचा भाग आम्ही काढून टाकला. शेरे सुरू झाले की दोस्त तपासनीस होतात आणि जोडी फिसकटते. त्यांनी भूमिकाच उलट्या केल्या. जो शिकवतो आहे तो मार्गदर्शक आणि जो मागे बसला आहे तो शिकणारा. म्हणजे अनुभवी शिक्षक नवख्याच्या वर्गात जाऊन त्याला सुधारत नाही. नवखा अनुभवी माणसाच्या वर्गात बसतो, आणि बघून झाल्यावर दोघं चहा पीत पुढचा पाठ आखतात. एवढ्याशा बदलानं माणसाची मान ताठ राहते, हे त्यांना अनुभवानं कळलं.

गंमत म्हणजे सौदी पर्यवेक्षणाच्या पुस्तकातही हा मार्ग होता. वर्गभेट, आदर्श पाठ, कार्यशाळा यांच्याच यादीत शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गाला भेट देणं, म्हणजे 'तबादुल ज़ियारात', ही रीतसर नोंदलेली पद्धत होती. पण ती आखणार कोण? पर्यवेक्षक. कुणी कुणाकडे जायचं ते ठरवणार पर्यवेक्षक. म्हणजे अमुक मास्तरांना तमुकांकडे पाठवलं, याचा अर्थ अमुक कच्चे आणि तमुक पक्के, हे दोन्ही शाळांच्या शिक्षकखोलीत चहाआधी पोचणार. आदर्श पाठाचंही तेच. शहरातल्या नावाजलेल्या शिक्षकाला उभं करायचं, चाळीस जणांनी भिंतीला पाठ लावून बघायचं, पोरं भेदरलेली, मास्तर घामाघूम. तो पाठ नव्हे, लग्नातली पंगत.

*

सौदीत या सगळ्याला दुसरी एक बाजू आहे आणि ती बायकांची आहे. मुलींच्या सरकारी शाळा १९६० मध्ये सुरू झाल्या. त्याआधी, १९५५ मध्ये, राणी इफ्फत यांनी जेद्दात 'दार अल-हनान' ही मुलींची शाळा काढली होती. १९६३ मध्ये बुरैदात मुलींच्या शाळेला विरोध इतका पेटला की सरकारला सैनिक पाठवावे लागले. मुलींचं शिक्षण मंत्रालयाकडे नव्हतं, धर्मपंडितांच्या देखरेखीखालच्या वेगळ्या खात्याकडे होतं. मार्च २००२ मध्ये मक्केतल्या मुलींच्या शाळेला आग लागून १५ मुली गेल्या, देश हादरला आणि ते खातं शिक्षण मंत्रालयात विलीन झालं.

म्हणजे चाळीसएक वर्षं देशात दोन समांतर शाळाव्यवस्था होत्या. पुरुष पर्यवेक्षक मुलांच्या शाळेत, स्त्री पर्यवेक्षक मुलींच्या शाळेत. मुलांच्या शाळेतला रसायनशास्त्राचा उत्तम शिक्षक भिंतीपलीकडच्या मुलींच्या शाळेतल्या नवख्या बाईंना काहीही दाखवू शकत नव्हता. २०१९ पासून सरकारी शाळांत पहिली ते तिसरीच्या मुलग्यांना शिकवायला बायका आल्या, तेव्हा त्या भिंतीत पहिलं दार पडलं.

त्यात अंतर. सौदी अरेबिया महाराष्ट्राच्या सुमारे सात पट. शहरात घर असलेल्या शिक्षिकेची पहिली नेमणूक दीडदोनशे किलोमीटरवरच्या वस्तीत व्हायची. गाडी चालवायला बंदी, ती जून २०१८ मध्ये उठली. मग पाच-सहा जणी मिळून एक व्हॅन ठरवायच्या, पहाटे तीन-चारला निघायच्या, काळोखात वाळवंटातला एकेरी रस्ता, पेंगुळलेला ड्रायव्हर. अशा व्हॅनना अपघात होऊन शिक्षिका दगावल्याच्या बातम्या सौदी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत राहिल्या. त्या वस्तीतल्या शाळेत पर्यवेक्षिका वर्षातून कितीदा पोचणार? मला वाटतं, देशातलं शिक्षकांनी शिक्षकांना शिकवण्याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण त्या व्हॅनच्या मागच्या सीटवर असणार. रोज चार-पाच तास एकत्र काढणाऱ्या बायका झोप आवरत अपूर्णांक कसे शिकवायचे याबद्दल बोलल्या नसतील, असं होणारच नाही. तिथे अहवाल लिहायला कुणी नव्हतं.

*

सरकारनं हात बांधून घेतलेले नव्हते. २००७ मध्ये राजे अब्दुल्ला यांच्या नावानं 'ततवीर' हा शाळासुधारणेचा प्रकल्प आला, खर्चाचा अंदाज सुमारे नऊ अब्ज रियाल. पहिल्या टप्प्यात ५० माध्यमिक शाळा, २५ मुलांच्या आणि २५ मुलींच्या. संगणक, फळ्याऐवजी पडदे, आणि शाळेतल्या शिक्षकांनी एकत्र बसून आपल्या अध्यापनाकडे बघण्याचे गट. पडदे लवकर आले, गटांना वेळ लागला. यंत्र विकत घेता येतं. एकमेकांना 'मला हे जमत नाही' म्हणण्याची सवय विकत घेता येत नाही, हे आपल्या डिजिटल शाळांनीही पाहिलेलं आहे.

मग २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले आणि एप्रिल २०१६ मध्ये 'व्हिजन २०३०' आलं. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे आकडे टोचू लागले. २०१५ च्या टिम्स चाचणीत, जिथे ५०० हा मध्यबिंदू धरतात, सौदीच्या आठवीच्या मुलांना गणितात ३६८ मिळाले, चौथीला ३८३. २०१८ च्या पिसा चाचणीत गणिताचे गुण ३७३, विकसित देशांची सरासरी ४८९. २०२२ मध्ये गणितात ते ३८९ पर्यंत चढले, वाचनात मात्र ३९९ वरून ३८३ वर घसरले. आपण या आकड्यांवरून नाक मुरडू नये. २००९ च्या पिसाला आपली दोन राज्यं बसली, तळाशी आली, आणि मग देशानं त्या परीक्षेकडे पाठच फिरवली. सौदीनं निदान आरसा भिंतीवर ठेवला.

ख़िबरात याच घाईतून निघाली. २०१९ मध्ये शिक्षकांच्या नोकरीची उतरंडही नवी झाली. परवाना परीक्षा द्यायची आणि मुमारिस, मुतक़द्दिम, ख़बीर या पायऱ्या चढायच्या. आपल्या भाषेत कार्यरत, प्रगत आणि तज्ज्ञ शिक्षक. तज्ज्ञ शिक्षकानं इतरांना हात द्यावा ही त्यामागची अपेक्षा चांगलीच आहे. पण परीक्षा देऊन तज्ज्ञ झालेल्याकडे शेजारचा शिक्षक आपणहून जातो का, हा वेगळाच प्रश्न. आपल्याकडे वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवडश्रेणी मिळालेल्यांकडे कोण जातं?

*

शिक्षक आपणहून दुसऱ्याच्या वर्गात जातात ते बघायला या ठिकाणी मला सातारा जिल्ह्यात यावंसं वाटतं.

२०१२-१३ च्या सुमारास कुमठे बीटमधल्या सुमारे ४० जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीनं शिकवायला सुरुवात केली. विस्तार अधिकारी म्हणजे पदानं तपासणारीच व्यक्ती. पण इथे तपासणी मागे पडली आणि बसून शिकणं पुढे आलं. मग राज्यभरातून शिक्षक बघायला येऊ लागले. गाड्या भरून, कित्येकदा स्वखर्चानं, रजा टाकून. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयामागे या कामाची प्रेरणा मोठी होती.

अशा वर्गात मागे बसलेल्याला काय दिसतं? एक पोरगी जमिनीवर मांडी घालून बसली आहे. पुढ्यात दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या. यातून सतरा काढायच्या आहेत. ती एक गठ्ठा बाजूला सारते. उरले तीन गठ्ठे आणि तीन सुट्या, पण आता सात हवे आहेत. ती अडते. एकदा बाईंकडे बघते. बाई तिच्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. दहा सेकंद, पंधरा सेकंद. मागे बसलेल्या पाहुण्या गुरुजींच्या जिभेवर 'अगं, हातचा घे ना' येऊन ठेपलेलं असतं. मग पोरगी एका गठ्ठ्याचं रबर काढते, काड्या पसरते, सात मोजून उचलते आणि उरलेल्या पुन्हा मोजते: दोन गठ्ठे, सहा सुट्या. ती पंधरा सेकंदांची गप्प राहण्याची कला कुठल्याही पुस्तिकेत छापता येत नाही. ती बघावीच लागते, आणि बघताना स्वतःची जीभ चावावी लागते.

दुर्दैवानं फोटोत ती पंधरा सेकंदं येत नाहीत. फोटोत जमिनीवर रंगवलेल्या आकृत्या येतात. म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांत राज्यभर शाळांच्या फरश्या रंगल्या. अंकांच्या उड्या, मुळाक्षरांची चक्रं, भिंतीला खालच्या बाजूनं फळ्याची पट्टी. काही शाळांत पोरं खरंच त्यावर बसून शिकली, काही शाळांत फरशी रंगीत आणि गुरुजी जुने. गुरुजी स्वतः उठून कुमठ्याला जात होते तोवर ती शोधयात्रा होती. वरून 'जाऊन या आणि फोटो पाठवा' असं आलं, की तीच भेट सहलीच्या अंगानं जाऊ लागली. ख़िबरातचा शिक्षक परतल्यावर प्रकल्प सादर करायचा, तोही याच धोक्याच्या वळणावर उभा होता. फिनलंडच्या शाळेतली मऊ आसनं आणि रंगीत कोपरे घरी आणता येतात. बाईंचं गप्प राहणं आणायचं, तर ते पाहिलेला दुसरा कुणीतरी शाळेत असावा लागतो, नाहीतर एकट्याचा निश्चय पंधरा दिवसांत पाठ्यपुस्तकाच्या ओझ्याखाली जातो.

या एकटेपणावरचा उपाय एका कोल्हापूरकरानं साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. आयोगाच्या अहवालात शाळासंकुलाची कल्पना आहे: एक माध्यमिक शाळा आणि भोवतालच्या प्राथमिक शाळा यांनी एक कुटुंब व्हावं, साहित्य वाटून घ्यावं, अनुभवी शिक्षकांनी शेजारच्या शाळेतल्या नव्यांना हात द्यावा. महाराष्ट्रात १९९४ पासून केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले ते याच घराण्यातले. साधारण दहा शाळांना एक केंद्र, महिन्याला शिक्षण परिषद. कल्पना उत्तम. पण केंद्रप्रमुखाच्या हातात पोषण आहाराचे तक्ते, यू-डायसची माहिती, 'आज दुपारी चारपर्यंत तात्काळ' असे मेसेज आले आणि तो टपालवाला झाला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं शाळासंकुल पुन्हा बाहेर काढलं. त्याच धोरणातून राष्ट्रीय मार्गदर्शन मिशन आलं, ते जुलै २०२२ मध्ये देशभरातल्या ३० केंद्रीय शाळांत प्रयोगादाखल सुरू झालं. तीस! देशात शाळा पंधरा लाखांच्या घरात आहेत.

*

सौदीत आपल्या भारतीय शाळाही आहेत आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे. जेद्दाची इंटरनॅशनल इंडियन स्कूल १९६९ ची, रियाधची १९८२ ची, मग दम्माम, जुबैल. सगळ्या सीबीएसईच्या, राजदूतावासाच्या छत्राखाली, पालकांमधून आलेल्या समितीच्या हाती. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतली मुलं इथे शिकून गेली आहेत. मुलं आणि मुलींचे विभाग वेगळे. शिकवणाऱ्यांत बायका पुष्कळ, आणि त्यातल्या बऱ्याच जणी नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या. घरात बी.एड. झालेली, गावाकडे दहा वर्षं शिकवलेली बाई रिकामी बसलेली असते. शाळेला तिची गरज असते.

ही सगळी मांडणी २०१७ मध्ये डळमळली. त्या जुलैपासून परदेशी कामगारांच्या घरातल्या प्रत्येक अवलंबिताला महिना १०० रियाल शुल्क लागू झालं, ते दर वर्षी वाढत २०२० मध्ये ४०० झालं. बायको आणि दोन मुलं असतील तर महिन्याला १२०० रियाल. कुटुंबं परतू लागली. मुलं कमी झाली आणि मुलांबरोबर त्यांच्या आयाही गेल्या, म्हणजे शिक्षिका गेल्या. शाळेचा अनुभव सामानाच्या खोक्यात भरून कोचीला, हैदराबादला, मुंबईला रवाना झाला. या शाळांत एकमेकींना शिकवण्याची निकड शिक्षणशास्त्रातून येत नाही. बारावीचं जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई डिसेंबरात गेल्या आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, तिथून येते.

सीबीएसईच्या शाळांचे 'सहोदय' गट १९८० च्या दशकापासून आहेत, आखातातही आहेत. ते एकत्र सराव प्रश्नपत्रिका काढतात, स्पर्धा घेतात, मुख्याध्यापकांची परिषद भरवतात. बोर्डानं शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं आहे. तासांची नोंद ऑनलाइन होते, प्रमाणपत्र छापून येतं. त्या पन्नास तासांत शेजारच्या शाळेतल्या एखाद्या बाईंच्या वर्गात मागे बसलेला एक तास मात्र सहसा मोजला जात नाही. मार्च २०२० मध्ये सौदीतल्या शाळा बंद झाल्या आणि सगळे पडद्यावर आले, तेव्हा दम्मामच्या बाईंचा वर्ग जेद्दाच्या बाईंना बघणं एका लिंकच्या अंतरावर होतं. सरकारी शाळांसाठी 'मदरसती' नावाचं व्यासपीठ त्याच वर्षी उभं राहिलं, लाखो वर्ग त्यावर भरले. इतकी दारं एकाच वेळी उघडी पूर्वी कधीच नव्हती. ती संधी परीक्षेच्या काळजीत निसटली असं मला वाटतं. तेव्हा कुणाला दोष द्यावा असे दिवस नव्हते.

*

आणि सरतेशेवटी सगळं येऊन अडतं ते वेळापत्रकाशी. सौदीच्या सरकारी शिक्षकाला आठवड्याला जास्तीत जास्त २४ तासिका. कुणी रजेवर असला की त्याच्या वर्गावर रिकाम्या तासाचा दुसरा शिक्षक पाठवतात. त्या तासाला 'इन्तिज़ार'चा तास म्हणतात आणि तो कुणालाच आवडत नाही. आता एखाद्या मास्तरनं सांगितलं की मला उद्या पलीकडच्या शाळेत एक तास बसायचं आहे, तर त्याचे दोन तास दोन सहकाऱ्यांच्या डोक्यावर. तो मागणारच नाही. आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळेत तर गुरुजी परिषदेला गेले की बाईंकडे पहिली ते चौथी सगळी, वर खिचडीची चव घेऊन रजिस्टरला सही. ख़िबरातला निघालेल्या शिक्षकाच्या महिनोनमहिन्यांच्या गैरहजेरीची सोय सरकारला करावीच लागली, कारण एवढा काळ वर्ग उघडा ठेवता येत नाही. एका सकाळपुरत्या गैरहजेरीची सोय करायची तरतूद मला कुठल्याच जीआरमध्ये दिसलेली नाही.

ही सोय फार खर्चाची नाही. दहा शाळांच्या केंद्राला एक फिरता बदली शिक्षक द्या. महिन्यातले वीस-बावीस कामाचे दिवस दहा शाळांत वाटले, तर प्रत्येक शाळेला दोन दिवस येतात. त्या दोन दिवसांत शाळेतल्या शिक्षकानं केंद्रातल्या दुसऱ्या कुठल्या वर्गात बसायचं ते त्यानंच ठरवावं, केंद्रप्रमुखांना विचारू नये. परतल्यावर अहवाल नको, फोटो नको, लिंक भरणं नको. फिरत्या बदली शिक्षकाची नेमणूक मात्र कायमची असावी, नाहीतर निवडणुकीच्या यादीला पहिला तोच उचलला जाईल.